गावाबाहेरचा माळ राखायचा असेल, तर आधी सातबारा काढावा

नाशिकजवळच्या आपल्या गावाबाहेर साठेक एकरांचा माळ आहे, तिथे खोकड आणि टिटव्या दिसतात, गावकरीही रोज फिरायला जातात, आणि तो प्राण्यांसाठी व फिरणाऱ्यांसाठी कायमचा राखता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र अर्ज लिहायला बसण्याआधी सातबारा काढावा, कारण जमीन कोणाच्या नावावर आहे, यावरच पुढचा मार्ग ठरतो.

जमीन शासनाची असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ सालच्या दुरुस्तीनुसार ती ‘संवर्धन राखीव’ म्हणून घोषित होऊ शकते. आपल्याच जिल्ह्यातला, रामशेजजवळचा बोरगड २००८ साली असा राखीव झाला. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, ही त्यातली मोठी सोय. जमीन खासगी असेल, तर मालकाने स्वेच्छेने पुढे येऊन ती ‘समुदाय राखीव’ करता येते. पण त्यानंतर तिचा वापर शासनाच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. गायरान असल्यास ग्रामसभेच्या ठरावापूर्वी मेंढपाळांशी बोलावे. त्यांना वगळून केलेला ठराव कागदावरच राहतो.

खरी चूक मात्र पुढे होते. माळ राखायचा म्हणजे त्यावर झाडे लावायची, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि मीही तिला बळी पडलो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी अशाच एका माळावर उत्साहाने खड्डे खणून गिरिपुष्प लावले. टिटवी उघड्या, खडकाळ जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला ठिपकेदार अंडी घालते. ती इतकी मातीच्या रंगाची असतात की पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. रोपे वाढली, सावली पडली, आणि त्या तुकड्यावर टिटवीचे घरटे पुन्हा दिसले नाही. गवताळ माळ हाच तिथला अधिवास आहे. त्याला ‘पडीक’ म्हणणे महसुली दप्तरापुरते ठीक.

फिरणाऱ्यांसाठी माळाच्या एका कडेने मळलेली पायवाट पुरेशी आहे. जॉगिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक आणि दिवे यांची मागणी कृपया करू नये, कारण खोकड प्रामुख्याने रात्रीच बाहेर पडते. चैत्रापासून पावसाळा सरेपर्यंत पायवाट सोडू नये आणि कुत्रे साखळीला असावे, एवढा नियम पाळला तरी बरेच साधते. नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेल्या राज्यातल्या पहिल्या पाणथळीवर, चापडगावच्या मनोऱ्यावरून लोक दुरूनच पक्षी पाहतात आणि तरीही समाधानाने परततात.

आजपासून एक वही ठेवावी: तारीख, वेळ, काय दिसले, माळाच्या कोणत्या बाजूला. वर्षभराच्या नोंदी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून वन विभागाकडे द्याव्यात.