संघटना, कॅस आणि तुमची तारीख

प्राध्यापकांची संघटना कॅसची (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे अध्यापकांना ठरावीक सेवेनंतर बढती देणारी योजना) बढती मिळवून देते, ही समजूत महिनाभरात आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत आहे. म्हणून आज याच विषयावरची उत्तरं.

संघटनेचं सभासदत्व नसेल तर कॅसची मुलाखत ठरवलीच जात नाही, असं सहकारी सांगतात. खरं का? (सहायक प्राध्यापिका, सांगली)

नाही. पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमांवर ठरते, वर्गणीच्या पावतीवर नाही.

परिविक्षेचं (प्रोबेशनचं) वर्ष संपलं, पण कायम केल्याचं पत्र नाही. संघटनेमार्फत दबाव आणावा का? (जळगाव)

आधी स्वतः लेखी मागा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत परिविक्षा एक वर्षाची आहे. ती फार तर आणखी एक वर्ष वाढते, आणि तसा आदेश पहिलं वर्ष संपण्याआधी निघावा लागतो. समाधानकारक कामाची खातरजमा करून ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश काढणं संस्थेवर बंधनकारक आहे. नियुक्तिपत्रात दोन वर्षं लिहिली असतील, तर ते पत्र जाणकाराला दाखवा. सेवा संपवल्याचा आदेश हाती पडला, तर मात्र त्याच आठवड्यात वकील गाठा. न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांचीच आहे.

पीएच.डी. आहे, बढतीसाठी लागणारी सेवेची चार वर्षं पूर्ण होऊन दीड वर्ष झालं. बढतीसाठी लागणाऱ्या रिफ्रेशर (उजळणी) कोर्सच्या सवलतीबद्दल संघटना सरकारशी बोलते आहे, म्हणून अर्ज थांबवला. बरोबर ना? (लातूर)

चूक केलीत. बोलणी संघटनेची चालू आहेत, सेवेची वर्षं तुमची जात आहेत.

देय तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान सेवा पूर्ण होताच अर्ज केला आणि निवड झाली, तर मुलाखत कितीही लांबली तरी बढती पात्रतेच्या तारखेपासून धरायची, असं नियमच सांगतो. उशिरा अर्ज केला की तीच तारीख वादात सापडते. मग वेतनवाढ, पुढचा टप्पा, शेवटी पेन्शन, सगळंच सरकतं.

संघटनेचं बळ मी नाकारत नाही. माझी उमेदीची वर्षं त्याच कामात गेली. २०१३ मध्ये एमफुक्टोने (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने) परीक्षांवर बहिष्कार घातला, ७१ दिवसांचा पगार अडकला. त्यानंतर २७ जूनला शासन निर्णय निघाला आणि २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या, नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या. पण कधीपासून? निर्णयाच्या तारखेपासून! मागच्या वर्षांसाठी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली. एवढा मोठा लढा देऊनही तारीख हातची गेली होती.

गेल्या वर्षी एक प्राध्यापक पिशवीभर कागद घेऊन आले. अर्ज वेळेत दिला होता, पण क्लार्कच्या टेबलावर नुसता ठेवून. त्यांच्या प्रतीवर ना आवक क्रमांक होता, ना शिक्का. महाविद्यालय म्हणतं, अर्ज आलाच नाही. त्या एका जांभळ्या शिक्क्यासाठी त्यांची फाईल आजही अडली आहे.

तुमचं रिफ्रेशर खरंच बाकी असेल, तर पात्रतेची तारीखच पुढे जाते. ती नेमकी कोणती, हे पत्रावरून सांगणं धोक्याचं. सेवापुस्तक आणि प्रमाणपत्रं घेऊन संघटनेतल्या कॅसच्या जाणकाराला किंवा सेवाविषयक वकिलाला भेटा. याच आठवड्यात.

तासिका तत्त्वावरची वर्षं कॅसला धरतात का? (परभणी)

सहसा नाही, त्या मानधनात नियमित अध्यापकाइतक्या वेतनाची अट पूर्ण होत नाही. नियुक्तीचे आदेश तपासून घ्या.

संघटनेचं नाव सांगून एक गृहस्थ फाईल पास करून देण्याचे आणि दोन पेपर (शोधनिबंध) छापून देण्याचे पैसे मागतात. (नाशिक)

एक रुपयाही देऊ नका आणि संघटनेच्या अध्यक्षांना लेखी कळवा. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) बंद केल्यापासून ‘आता कुठलाही पेपर चालतो’ अशी आवई या दलालांनी उठवली आहे. चालत नाही! नियतकालिकाचा दर्जा तपासणं आता संस्थांकडे आलं आहे. विकतचा पेपर पकडला गेला, तर बढती राहिली बाजूला, नोकरीवर बेतेल.

मुलगी न्यू जर्सीत प्राध्यापक आहे. टेन्युअर (कायमपद) नाकारलं, तर तिथली युनियन मिळवून देईल का? (पुणे)

युनियन मुख्यतः प्रक्रिया पाळली गेली का यावर भांडते. संशोधनाच्या दर्जाबद्दलचा निर्णय फिरवणं सहसा तिच्या हाती नसतं. रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात युनियन भक्कम आहे; एप्रिल २०२३ मध्ये तिथे प्राध्यापकांनी संपही केला. खासगी विद्यापीठ असेल, तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या येशिवा विद्यापीठ खटल्यातल्या निकालाने प्राध्यापकांना व्यवस्थापनाचा भाग ठरवल्यामुळे अनेक ठिकाणी युनियनच नाही. करारातली तक्रारीची मुदत मुलीला आजच पाहायला सांगा आणि तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्या.