वर्दी उतरते, आवाज उतरत नाही

"मॅडम, हे घरीसुद्धा ठाण्यातल्यासारखेच बोलतात." समुपदेशक म्हणून काम करताना पोलिसांच्या बायकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितेच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक फौजदार बायकोच्या आग्रहाखातर माझ्याकडे आले. आठ वर्षांच्या मुलाच्या हातून दूध सांडलं, यांनी हात उगारला. मारलं नाही. पण मुलगा दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसला.

"मॅडम, लॉकअपमधली पोरं अशीच बसतात."

पुढच्या दोन-तीन भेटी बंदोबस्त आणि रद्द झालेल्या सुट्ट्यांवरच गेल्या. मग सिनेमाचा विषय निघाला. गोविंद निहलानींचा १९८३ सालचा 'अर्धसत्य'. त्यातला ओम पुरींचा सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर या फौजदारांना तोंडपाठ होता.

"कुठला प्रसंग आठवतो?"

"शेवटचा. त्या गुंड रामा शेट्टीचा गळा दाबतो तो. आम्ही बॅचमेट टाळ्या वाजवायचो."

"आणि कोठडीतला तो रेडिओचोर?"

"तो... मरतो मारहाणीत."

"वेलणकरचा राग त्याच्यावर होता?"

ते गप्प झाले. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातातला क्षण जातो, हे मी अनुभवाने शिकले आहे.

"नाही," ते म्हणाले. "डाकू यानं पकडला, श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला. राग वरच्यांवर होता. वर हात चालत नाही ना, मॅडम."

"दूध सांडलं त्या दिवशी?"

"साहेबांनी अख्ख्या स्टाफसमोर झापलं होतं." आणि ते रडले.

तोवर मीही समजत होते की यांना राग आवरत नाही. खरं तर ते दिवसभर तो फार चोख आवरत होते, आणि घरी सगळ्यात लहान माणसापुढे तो सुटत होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी. झापल्याचं वाईट वाटणं रास्तच. पण 'मी हतबल दिसताच कामा नये' ही आतली सक्ती संताप पेटता ठेवते. वेलणकरच्या लहानपणी बाप आईला मारतो आणि त्याला काहीच करता येत नाही. ती हतबलता पुन्हा वाट्याला आली की त्याला सोसवत नाही. म्हणून पोलिसांना मी सांगते, शेवटच्या प्रसंगापाशी थांबू नका, कोठडीपाशी थांबा. त्या रात्री तो प्यायलेला होता, हेही बघा. दारूने ताण उतरतो असं वाटत असेल तर त्याच सिनेमातला नसीरुद्दीन शाह यांचा दारूत बुडालेला निलंबित पोलीस माईक लोबो पुन्हा पाहा.

या फौजदारांना मी ठाण्यातल्या स्टेशन डायरीसारखीच नोंदवही ठेवायला सांगितली: वेळ, राग नक्की कोणावर, आणि त्या वेळी काय 'झालंच पाहिजे' असं वाटलं. घरात पाऊल टाकण्याआधी, गाडीवर बसूनच लिहायचं. आणि घरच्यांना एक वाक्य सांगायचं, आज डोकं कशाने तापलंय ते.

तीन आठवड्यांनी त्यांनी वही पुढे केली. त्यातली ही नोंद त्यांच्या परवानगीने:

"२१.१० वा. घरी पोच. राग साहेबांवर. चिरंजीवास तसे सांगितले. त्याने विचारले, साहेब तुम्हाला ओरडले का? हो म्हणालो. त्याने पाणी आणून दिले."