पिल्लांपासून लांब बसणारी सशाची मादी

ताई, तुम्ही लिहिले आहे की मादी परवा पहाटे व्यायली, तेव्हापासून ती पिल्लांच्या खोक्याकडे फिरकलेली दिसली नाही, दिवसभर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पडून असते आणि शेजारच्या काकूंच्या मते माणसाचा हात लागल्यामुळे तिने पिल्ले टाकून दिली आहेत. तुमच्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही. मांजर पाळलेल्या माणसाला हे वागणे निष्ठुर वाटते; परंतु पिल्लांजवळ न बसणे हीच सशाच्या मादीची राखण करण्याची रीत आहे.

पाळीव ससे ज्या रानसशांपासून आले, ते मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे आणि बिळात राहणारे. तिथली मादी पिल्लांना पाजून झाले की बिळाचे तोंड मातीने बुजवते आणि दूर जाते, कारण तिच्या वासाच्या मागावर शिकारी प्राणी पिल्लांपर्यंत पोहोचू शकतो. (आपल्या विदर्भातल्या रानात दिसणारा ससा निराळ्या जातीचा आहे, त्याची पिल्ले केसांसह आणि उघड्या डोळ्यांनीच जन्मतात, म्हणून त्याच्याविषयीच्या ऐकीव गोष्टी इथे लावू नयेत.) तुमच्या मादीने छातीपोटाचे केस उपटून खोक्यात अंथरले आहेत, म्हणजे तिने आपल्या गैरहजेरीत पिल्लांना ऊब मिळण्याची सोय केलेली आहे.

ती २४ तासांत एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे, जेमतेम तीन ते पाच मिनिटे पाजते. दूध फार घट्ट आणि स्निग्ध असल्यामुळे पिल्लांना तेवढे पुरते. त्यामुळे ती पाजताना दिसली नाही यावरून काहीही ठरवू नका. रोज सकाळी हात धुऊन पिल्लांची पोटे पाहा. पोट गोल आणि ताठ असेल तर पिल्लू प्यायलेले आहे. पोट खपाटीला गेलेले, कातडी सुरकुतलेली आणि पिल्लू सारखे वळवळत असेल तर ते उपाशी आहे. तुमचा वास मादीच्या ओळखीचा आहे, त्यामुळे स्पर्शाची भीती बाळगू नका. मात्र एक दिवस उलटूनही सगळीच पिल्ले उपाशी दिसली, तर गाईचे दूध पाजण्याचा घरगुती प्रयोग न करता सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा.

पाजताना स्तनाला चिकटलेले पिल्लू कधी कधी आईबरोबर बाहेर ओढले जाते. मांजरीप्रमाणे तोंडात धरून ती त्याला परत आणत नाही. असे गार पडलेले पिल्लू आधी ओंजळीत ऊबवून मग खोक्यात ठेवावे.

आता नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा मोठ्या सशाचेच हाल होतात, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही आणि उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. खोली कूलरने थंड ठेवा, पण ओलसर वारा थेट खोक्यावर येऊ देऊ नका. पिल्ले एकमेकांना बिलगलेली असतील तर ठीक. ती लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर वरचे केस थोडे कमी करा. मादीसमोर पाणी सतत असावे, ते कमी पडले की दूधही आटते.

खोक्याजवळ हात नेताच तिने गुरगुरून पंजा मारला किंवा मागचे पाय आपटले तर रागावू नका. ती जागा राखते आहे. नर अजून त्याच पिंजऱ्यात असेल तर त्याला आजच वेगळे करा, कारण मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते आणि सुमारे ३१ दिवसांनी दुसरे वेत पदरात पडते.

डोळे साधारण १० ते १२ दिवसांत उघडतील, त्यानंतर पिल्ले हळूहळू खोक्याबाहेर येऊन गवत कुरतडू लागतील. तेव्हा ती फार गोंडस दिसतात आणि नेमकी तेव्हाच लोक मागायला येतात. परंतु सहा, शक्यतो आठ आठवडे होईपर्यंत एकही पिल्लू आईपासून तोडू नका.