जायचंय, पण निघवत नाही

'तिकिटं मीच काढली, तीही हौसेने. आणि आता रोज रात्री वाटतं, रद्द करून टाकावीत. माझं काही बिघडलंय का?' पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई विचारत होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात, फक्त इतकं सरळ कुणी विचारत नाही, 'सध्या कामं फार आहेत' म्हणतात.

बिघडलेलं काही नव्हतं. जायची ओढ खरी होती आणि घर सोडवत नव्हतं, हेही खरं. बाईंना मात्र दोन्हींतलं एकच खरं ठरवायचं होतं, म्हणून स्वतःची उलटतपासणी चालली होती.

'नेमकं काय डोळ्यांसमोर येतं?' म्हटल्यावर दोन गोष्टी निघाल्या. एक, तेवढे दिवस भावाकडे राहणारी आई. तिला काय वाटतं, हे यांनी विचारलंच नव्हतं. घरी जाऊन विचारलं, तर 'मी काय कुक्कुलं बाळ आहे?' म्हणून आई चिडलीच म्हणे.

दुसरी गोष्ट गॅस. बंद केलाय ना, हे पाहायला त्या जिन्यातून पुन्हा पुन्हा वर जात. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका यावरच आहे. संगणकाच्या पडद्यावरची शेगडी लोकांना वारंवार तपासायला लावली. आठवण तशी शाबूत राहिली, पण त्या आठवणीवरचा भरवसा घसरला. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढते. आमचं ठरलं: बटण एकदाच पाहायचं, 'बंद आहे' असं मोठ्याने म्हणायचं आणि निघायचं.

तिकिटं रद्द केली असती तर लगेच हायसं वाटलं असतं, आणि मेख तिथेच आहे. त्या सुटकेची मनाला चटक लागते, पुढच्या वेळी भीती आणखी लवकर गाठते. अर्थात, दर वेळी ऐनवेळी बेत मोडत असेल, किंवा घराबाहेर पडायचीच धास्ती बसली असेल, तर ते प्रकरण वेगळं. तिथे उपचार घ्यावेत. त्यांचा उपयोग होतो.

बाई गेल्या. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, गाडी सुटल्यावर मात्र गाढ झोपल्या. मध्येच एकदा घरच्या आठवणीने रडूही आलं, हे हसत सांगत होत्या. जाता जाता विचारलं, 'कुलूप लावल्यावर ओढून पाहिलेलं चालतं का?'

'एकदा चालतं,' म्हटलं.