टाकी हलवताना खिसा हलू नये

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे रिमोटवर चालणारा १/१० स्केलचा नायट्रो मॉन्स्टर ट्रक (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या फ्युएलवर पळणारा) आहे, सेकंडहँड घेतलेला. त्याच्या २.५ सीसी इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं म्हणून मित्राचं जुनं ३.५ सीसीचं बसवलं. इंजिन बसलं पण त्याचा धूर बाहेर टाकणारा जाडा पाइप टाकीला टेकतोय, टाकीचा एक कोपरा मऊ पडून आत गेलाय. माझ्या मॉडेलचं तयार ब्रॅकेट मिळत नाही आणि बजेट फक्त पाचशे रुपये. म्हणून सध्या टाकी उचलून मागच्या शॉक टॉवरवर (शॉक अॅब्सॉर्बर धरणाऱ्या उभ्या पट्टीवर) झिपटायने बांधली, पुढची बाजू मागे अशी तोंड उलटं करून, कारण तशीच ती बसते. नळी कमी पडली तर गावच्या मळ्यातली ठिबकची बारीक नळी जोडली. चालू होतो, पळतो पण झकास, पण अर्धी टाकी संपली की फुल थ्रॉटलला एकदम आवाज वर जातो आणि बंद. आणि थोडा वेळ उभा ठेवला की कधी कधी स्टार्टरची दोरीच ओढली जात नाही, जाम. काय चुकलं?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, सिडको (गाव निफाड तालुका)

उत्तर : भावा, तुझ्या चारही अडचणी तुझ्याच पत्रात लिहिल्यात, फक्त तू त्या ब्रॅकेटच्या नावावर खपवतोयस. ब्रॅकेट हा शेवटचा प्रश्न. नायट्रो गाडीची टाकी म्हणजे फ्युएल साठवायचा डबा नाही, ती कार्बोरेटरचाच अर्धा भाग आहे असं धरून चाल. ह्या गाड्यांना फ्युएल पंप नसतो, पाइपमधला थोडासा प्रेशर एका नळीने टाकीत जातो आणि तो फ्युएलला ढकलतो, बस एवढंच. त्यामुळे टाकी किती उंचीवर, कुठल्या दिशेला, कार्बोरेटरपासून किती लांब, ह्या तीन गोष्टी बिघडल्या की कार्बोरेटरची सुई (फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू) कितीही फिरव, ट्यूनिंग लागणार नाही.

आधी दोरी जाम होण्याचं बघू. टाकी शॉक टॉवरवर म्हणजे कार्बोरेटरच्या बरीच वर. गाडी उभी असली तरी फ्युएल आपोआप खाली उतरतं, पिंपातलं पाणी नळीने काढतो तसं, आणि सिलिंडरमध्ये साचतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पिस्टन अडतो. अशा वेळी दोरीला हिसके देऊ नको, दोरी तुटेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकेल. ग्लो प्लग (हेडवरचा, फ्युएल पेटवणारा प्लग) काढ, वर फडकं धर, तोंड लांब ठेव आणि मग हळू ओढ, सगळं बाहेर फेकलं जाईल. टाकीचा मध्य साधारण कार्बोरेटरच्या सुईच्या लेव्हलला हवा, थोडा खाली चालेल, वर नको.

आता अर्ध्या टाकीचा प्रॉब्लेम. हा उलट्या तोंडाचा प्रताप आहे आणि ह्यात मी स्वतः एक इंजिन घालवलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाकीत फ्युएल उचलायची जागा तळातल्या एका कोपऱ्यात असते. गाडी जोरात पळाली की फ्युएल मागे सरकतं, बसने गिअर टाकला की उभी माणसं मागे जातात तसंच. ती उचलायची जागा मागच्या बाजूला असेल तर तिथेच फ्युएल गोळा होतं, म्हणजे जेव्हा जास्त लागतं तेव्हाच भरपूर मिळतं. टाकी उलटी लावली की नेमकं फुल थ्रॉटलला ती जागा कोरडी पडते. टाकी भरलेली असताना कळत नाही, अर्धी झाली की हवा ओढायला लागते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि फ्युएल कमी, आरपीएम चढतो, आपल्याला वाटतं वा काय पळतीये. तो आवाज चांगला नाही रे. ह्या इंजिनांना वेगळं ऑइल नसतं, ऑइल फ्युएलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे फ्युएल कमी झालं की ऑइलही कमी. मी तपोवनाच्या मैदानात तीन-चार फेऱ्या अशाच मारल्या होत्या, खूश होऊन, घरी येऊन उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. तर टाकी उजेडासमोर धर, आतली नळी किंवा खळगा कुठल्या कोपऱ्यात आहे बघ, तो कोपरा गाडीच्या मागच्या अंगाला आला पाहिजे. ब्रेक मारल्यावर फ्युएल पुढे जातं त्याची काळजी नको, तेव्हा इंजिन आयडलला असतं, त्याला थेंबभर पुरतं.

ठिबकची नळी काढून टाक. मला हसू आलं पण पटलंही, नाशिक जिल्ह्यात घरात काही नसलं तरी ठिबकच्या नळीचा तुकडा सापडतोच. पण ती कडक असते आणि निपलला (नळी खोचायच्या तोटीला) धरत नाही, व्हायब्रेशनने सैल होऊन हवा ओढते, बुडबुडे दिसतील बघ. मत्स्यालयाच्या दुकानातली हवेची नळी पण नको, तिचं भोक मोठं असतं आणि पीव्हीसीची असेल तर मिथेनॉलने काही दिवसांत लाकूड होते. सिलिकॉनची नायट्रोचीच नळी घे, साधारण अडीच मिमी आतलं भोक असलेली, इथे पैसे वाचवू नको. फ्युएलची नळी वितीपेक्षा लांब नको, इंजिनाच्या हेडला आणि फ्लायव्हीलला लागायला नको. पाइपकडून येणारी प्रेशरची नळी थोडी लांब झाली तरी हरकत नाही.

मग टाकी ठेवायची कुठे? माझं ऐकशील तर टाकी दुसरीकडे नेऊच नको, बॅटरीचा डबा हलव. रिसीव्हरची (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीची) बॅटरी वर ठेव, मागे ठेव, तिला काही फरक पडत नाही. ती जागा रिकामी झाली की टाकी त्याच लेव्हलला, त्याच दिशेने दोन-तीन सेंटीमीटर सरकवता येते आणि बहुतेक वेळा तेवढंच लागतं. अजून एक, त्याच्याही आधी पाइपचं हँगर थोडं वाकवून किंवा मॅनिफोल्ड (इंजिन आणि पाइप जोडणारा तुकडा) सैल करून पाइप बाहेर फिरतो का बघ, ते फुकट आहे. पाइप आणि टाकीच्या मध्ये बोटभर मोकळी हवा पाहिजेच, कारण मिथेनॉल ६५ अंशाच्या आसपास उकळतं आणि पाइपचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. टाकी तापली की आत वाफ होते आणि ट्यूनिंग दर पाच मिनिटांनी बदलत राहतं. वजनाचं पण आहे, १/८ बग्गीच्या रेसमध्ये टाकी जास्तीत जास्त १२५ सीसीची चालते, तेवढं फ्युएल म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम, ते रेसभर कमी कमी होत जातं, म्हणून कंपन्या टाकी गाडीच्या मधोमध आणि खाली ठेवतात. तुझ्यासारखी मागे वर टांगली की भरलेल्या टाकीला गाडी वळणावर उलटते आणि रिकाम्या टाकीला वेगळीच वागते.

आता ब्रॅकेट. भांड्यांच्या दुकानातून भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा जाड बोर्ड घे, तो एचडीपीईचा असतो, मिथेनॉल त्याला काही करत नाही, हॅकसॉने लोण्यासारखा कापला जातो आणि एकातून तीन-चार ब्रॅकेट निघतात. आईचा वापरातला घेऊ नको, मला पत्र येईल. मजबुतीला दोन मिमीची अॅल्युमिनियमची पट्टी लागली तर अंबड किंवा सातपूरला स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग असतो, वजनावर देतात, चहा पाजलास तर तसाच देतात. अॅक्रिलिकची शीट दिसायला छान पण वापरू नको, नायट्रोमिथेन अॅक्रिलिकला खातं, आधी धुरकट होते मग तडकते. ग्लू गनने चिकटवलेलं तर पहिल्या टाकीतच सुटेल.

टाकी स्क्रूने आवळून टाकायची नाही हे लक्षात ठेव. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून वर-खाली घाल, एम३ स्क्रू आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा) लाव, आणि हाताने हलवली तर टाकी किंचित डुलली पाहिजे. घट्ट केली तर इंजिनाचं व्हायब्रेशन थेट फ्युएलमध्ये जातं आणि फेस होतो, फेस म्हणजे हवा, हवा म्हणजे परत लीन. चॅसीला शक्यतो आधीचीच भोकं वापर, नवीन पाडावं लागलं तर इंजिन काढून ठेव, निदान कार्बोरेटरचं तोंड कापडाने बंद कर, अॅल्युमिनियमचा एक कीस आत गेला तरी सिलिंडरचं वाटोळं.

आणि तो मऊ पडलेला कोपरा, तो आधी तपास. सगळ्या नळ्या काढ, एक निपल बोटाने बंद कर, दुसऱ्यातून नळी लावून हवा फुंक आणि टाकी बादलीत बुडव, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसंच. कोपऱ्यातून बुडबुडे आले तर टाकी बदल, जोडत बसू नको. झाकणातून आले तर फक्त ओ-रिंग गेलीये, ती स्वस्तात होते. तपासल्यावर पूर्ण वाळव.

बसवून झालं की मेन सुई पाव फेरा उघड, म्हणजे घड्याळाच्या उलट, आणि पुन्हा पहिल्यापासून सेटिंग कर. फुल थ्रॉटलला मागे निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. गाडी थांबवून हेडवर पाण्याचा थेंब टाक, तीन ते पाच सेकंदांत उडाला तर बरोबर, टाकल्या टाकल्या चर्र करून गेला तर जास्त तापलंय. मग आयडलला फ्युएलची नळी कार्बोरेटरजवळ चिमटीत दाबून धर. दोन-चार सेकंदांत आवाज जरासा चढून इंजिन बंद पडलं तर लो सुई (आयडलची) ठीक. लगेच गेलं तर लीन, चालतच राहिलं तर रिच, म्हणजे फ्युएल जास्त. आणि सिडकोत मे महिन्यात केलेलं सेटिंग डिसेंबरमध्ये निफाडला नेऊन चालवू नको राव, तुमच्याकडची थंडी तर दरवर्षी पेपरात येते, थंड हवा दाट असते, तिला फ्युएल जास्त लागतं.

प्रश्न : माझा मुलगा अशा गाडीचं फ्युएल घरात आणून ठेवतो, पाण्याच्या जुन्या बाटलीत. टाकी स्वयंपाकघराच्या ओट्यावर भरतो. हे धोक्याचं आहे का?
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर : हो ताई, आहे. आजच्या आज ती बाटली बदलायला लावा. त्यात मुख्य मिथेनॉल असतं, ते थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, आणि पाण्याच्या बाटलीतलं कोणीही पाणी समजून पितं. चुकून कोणी प्यायलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल, आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना सांगा. दुसरं म्हणजे त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, पेट घेतलाय हे हाताला चटका बसल्यावर कळतं. गॅस आणि देवघरातली समई असलेल्या घरात ते उघडायचंच नाही. मूळ कॅनमध्ये, झाकण घट्ट, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा थंड जागी, आणि भरायचं ते मैदानात, इंजिन बंद करून. मुलाला रागवा पण छंद बंद करू नका.

प्रश्न : मी कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालो. नातवाच्या ट्रकची प्लॅस्टिकची टाकी सारखी फुटते. भांडी बाजारात ओळखीचा तांबट आहे, त्याच्याकडून पितळी पत्र्याची टाकी करून घेतली तर?
– आजोबा, पंचवटी

उत्तर : काका, कल्पना जुनी आणि चांगली आहे, पूर्वी मॉडेल विमानांना कथलाच्या पत्र्याच्या झाळलेल्या टाक्याच असायच्या. दोन अडचणी मात्र येतील, एक तर जड होईल आणि आत किती फ्युएल उरलंय ते दिसणार नाही, आणि वर सांगितलं तसं लीन झाल्यावरच कळेल. करायचीच तर पत्रा पातळ घ्या, उचलायची नळी मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत न्या, पाइपपासून अंतर प्लॅस्टिकपेक्षा जास्त ठेवा कारण पितळ लवकर तापतं. खेळून झालं की रिकामी करा, फ्युएल तसंच राहिलं की आत हिरवं धरतं. आणि झाळून झाल्यावर आतला फ्लक्स गरम पाण्याने चार-पाच वेळा खळबळून काढा, तुम्ही फिटर आहात, तुम्हाला सांगायला नको, पण तांबटाला घागर करायची सवय, त्याच्या घागरीखाली कार्बोरेटर नसतो.