स्पोर्ट्स कार घेताना साधे लोखंडी डिस्कचे ब्रेक ठेवावेत की कार्बन सिरॅमिक डिस्कचे जादा पैसे भरावेत?

ट्रॅकवर नेहमी जाणार नसाल तर साधेच घ्या, खरंच सांगतोय. लोकांना वाटतं सिरॅमिक लावले की गाडी लवकर थांबते, पण पहिला जोरात ब्रेक मारला तर साध्या डिस्कनेही एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागतोच, म्हणजे तिथे मर्यादा टायरच्या ग्रिपची असते, ब्रेकची नाही.

फरक पडतो तो उष्णतेत. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ट्रॅकवर हे दर वळणाला होतं, मग पॅड तापून जळका वास यायला लागतो, ब्रेक फ्लुइड (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारा द्रव) उकळलं की पेडल मऊ पडून खाली जातं आणि तो क्षण फार भीतीदायक असतो हो. सिरॅमिक तिथे टिकतात, शिवाय वजनाला लोखंडी डिस्कच्या साधारण निम्मे, त्यामुळे स्टिअरिंगही हलकं वाटतं. पण चाक काढताना रिम डिस्कच्या कडेला आपटली आणि टवका उडाला तर डिस्क बदलायचा खर्च भयंकर येतो.

मी तरी साधे ब्रेक ठेवून चांगले टायर, जरा जास्त तापमान झेलणारे पॅड आणि ताजं फ्लुइड घेईन. फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ या प्रकारच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू नवीन असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो, म्हणून दोन वर्षांत बदलाच, ट्रॅकवर जात असाल तर त्याआधीच.