गावाचे वय कशावरून ठरवावे?

प्रश्न : आमचे गाव अचलपूर तालुक्यात आहे. गावाबाहेर पडकी गढी आणि महादेवाचे दगडी देऊळ आहे. देऊळ हेमाडपंती असल्यामुळे गाव यादवकाळात वसले, असे जुनी माणसे सांगतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर गावाच्या स्थापनेचा काळ लिहायचा आहे. गढीची माती नेताना तांब्याची काही नाणीही निघाली आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : फलकावर स्थापनेचे वर्ष लिहू नये. देवळाचे वय, गावाच्या नावाचे वय आणि वस्तीचे वय या तीन वेगळ्या गोष्टी असून आपल्या पत्रात त्या एकत्र आल्या आहेत.

चुन्याशिवाय दगडात दगड बसवून बांधलेल्या कोणत्याही देवळाला आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, तर याच धाटणीचे अंबरनाथचे शिवालय इ.स. १०६० मधले, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे आहे. तेव्हा केवळ या नावावरून देवळाचा काळही ठरत नाही, मग गावाचा कसा ठरणार?

नाव किती टिकते याचे उत्तम उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. चम्मक येथे एकोणिसाव्या शतकात शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातील या संस्कृत दानपत्रात भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे ‘चर्मांक’ हे गाव राजमानाने, म्हणजे सरकारी मापाने, आठ हजार ‘भूमी’ (जमिनीचे तेव्हाचे एकक) मोजून एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. नावे मात्र ४९ जणांचीच कोरलेली आहेत. चर्मांकचे चम्मक झाले आणि सुमारे दीड हजार वर्षे ते नाव लोकांच्या तोंडी राहिले. दानाला अटीही होत्या : राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, तसे घडल्यास जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. सनद देतानाच ती काढून घेण्याची वाट राजाने मोकळी ठेवली होती, हे मला त्या ताम्रपटातील सर्वांत बोलके वाक्य वाटते. आपल्या गावाचे नाव अशा लेखांत किंवा ‘लीळाचरित्रा’सारख्या महानुभाव ग्रंथांत येते का, हे अवश्य पाहावे. आले, तर त्या काळी गाव होते एवढे सिद्ध होईल. ते तेव्हाच वसले, असे मात्र नव्हे.

वस्तीचे वय सांगते ती पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, हा भेद आपल्याला सांगायला नको. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक बसून ही जमीन फिकट आणि उंच होते. वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरच्या पांढरीत उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीच्या वस्तीचे थर लागले होते. आपली गढीही अशाच जुन्या पांढरीवर उभी असू शकते आणि घराच्या धाब्यावर (मातीच्या छतावर) किंवा शेतात टाकायला आपण गाडीभर माती नेतो, तेव्हा हे थरच उचलून नेतो. म्हणून ती उचल आधी थांबवावी. पावसाने कापलेल्या कडेला खापरे दिसली, तर ती न काढता जागेवरच छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि ते पुरातत्त्व विभागाकडे पाठवावे. काळ्या-तांबड्या दुरंगी खापराचा एखादा तुकडाही जाणकाराला देवळापेक्षा जास्त सांगून जातो. गावकऱ्यांनी स्वतः खोदून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

नाणी चिंच लावून घासू नयेत, कारण त्यावरची अक्षरे हिरव्या थराबरोबर निघून जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. चर्मांकच्या ब्राह्मणांना गाव मिळाले ते जमिनीतल्या निधी-उपनिधीसह, म्हणजे पुरलेल्या धनासह आणि ठेवींसह. आपल्या ग्रामपंचायतीला तसा ताम्रपट मिळालेला नाही.